ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड: पहिल्या खेपेचा तक्ता, तिसऱ्या खेपेचा पाठकोरा कागद

पहिल्या खेपेला, २०१८ च्या जुलैत, मी एक्सेलमध्ये तक्ता केला होता. चार दिवस, चार पार्क, एकोणचाळीस राइड्स, प्रत्येकीसमोर वेळ आणि रांगेचा अंदाज. नवऱ्याने तो नीट वाचला आणि एवढंच विचारलं, "यात जेवायचं कधी?" तिसऱ्या खेपेला आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. तेव्हा पर्समध्ये एक पाठकोरा कागद होता आणि त्यावर सात ओळी. मजा कुठल्या खेपेला जास्त आली, ते सांगायला नको.

पहिल्यांदाच जात असाल तर तक्त्याच्या वाटेला न जाता थेट पाठकोऱ्या कागदावर कसं यायचं, ते क्रमाने सांगते.

नाव नीट बघा

डिस्नेलँड कॅलिफोर्नियात, अॅनाहाइमला, १९५५ पासून. आपण बोलतोय ते वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, फ्लोरिडात, ऑरलँडोजवळ. हसू नका, विमानाची तिकिटं बघताना ही दोन नावं एकमेकांत मिसळणारे लोक माझ्या ओळखीत आहेत.

डिस्ने वर्ल्डला 'पार्क' म्हणणं म्हणजे हिंजवडीला 'ऑफिस' म्हणण्यासारखं आहे. जागा सुमारे २५ हजार एकर, म्हणजे शंभर चौरस किलोमीटर. त्यात चार वेगळे पार्क: मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि अॅनिमल किंगडम (१९९८). एकातून दुसऱ्यात चालत जाऊ असं मनात आणू नका, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज ही जोडी सोडली तर मध्ये बस, मोनोरेल, बोट किंवा केबलकार लागतेच. एका तिकिटावर दिवसाला एकच पार्क. त्याच दिवशी दुसऱ्यात जायचं तर 'पार्क हॉपर' हे महाग तिकीट. पहिल्या खेपेला ते घेऊ नका. नवखा माणूस हॉपर घेतो आणि अर्धा दिवस बसमध्ये घालवतो.

आधी महिना ठरवा

भारतातून येणारे बहुतेक जण मे-जूनमध्ये येतात, शाळेच्या सुटीत. मे संपता संपता अमेरिकेतल्या शाळांनाही सुटी लागू लागते. गर्दी तीच, वर फ्लोरिडाचं ऊन, आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला हमखास वादळी पाऊस. अमेरिकेत सर्वांत जास्त विजा पडणाऱ्या भागांपैकी हा एक आहे. गडगडाट जवळ आला की उघड्यावरच्या राइड्स बंद करतात. नाताळ ते नववर्ष, थँक्सगिव्हिंगचा आठवडा, मार्च-एप्रिलची वसंताची सुटी हे दिवस शक्यतो सोडाच. आणि न्यू जर्सीकर हो, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात शिक्षकांचं अधिवेशन असतं, गुरुवार-शुक्रवार शाळा बंद. ही सुटी आपल्यालाच सुचली असं प्रत्येकाला वाटतं आणि निम्मी जर्सी ऑरलँडोच्या रांगेत भेटते.

ऑगस्टचा शेवट, सप्टेंबर आणि जानेवारीचा दुसरा भाग हे त्यातल्या त्यात मोकळे. फक्त सप्टेंबर हा चक्रीवादळांच्या मोसमात येतो (१ जून ते ३० नोव्हेंबर), त्यामुळे बदलता येईल असंच बुकिंग करा. आम्ही तिसऱ्या खेपेला ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुलाची दोन दिवस शाळा बुडवून गेलो.

ऑगस्ट ते ऑक्टोबरअखेर जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. काही ठरावीक संध्याकाळी मॅजिक किंगडममध्ये हॅलोवीनची पार्टी असते, तिचं तिकीट वेगळं. त्या दिवशी साध्या तिकिटावाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं, आतषबाजी बघायला मिळत नाही. नवख्याला हे दारावर कळतं. मुरलेला माणूस मात्र मुद्दाम तोच दिवस निवडतो, कारण इतर लोक तो टाळतात आणि दिवसभर रांगा आखूड असतात. आतषबाजी मग एपकॉटच्या दिवशी तिथल्या तळ्यावर बघायची.

उंची घरी मोजा, वय कागदावर

तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. तीन ते नऊ लहान मुलांचं, दहाव्या वाढदिवसापासून मोठ्यांचं. मोठ्याचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर सुरू होतं आणि नाताळच्या सुमाराला मॅजिक किंगडमचं दोनशेच्या पुढे जातं, तेव्हा धाकटीचा तिसरा वाढदिवस मेमध्ये असेल तर एप्रिलात जाण्यात शहाणपण आहे. जितके दिवस जास्त, तितका दर दिवसाचा भाव उतरतो. पोचायच्या दिवसाचं तिकीट मात्र घेऊ नका. विमानाचा शीण आणि बॅगा यांतच तो दिवस जातो.

आता उंची. पहिल्या खेपेला आमच्या पाच वर्षांच्या मुलाला आम्ही दोन महिने स्पेस माउंटन या राइडच्या गोष्टी सांगत होतो. दारात उंची मोजायची दांडी होती. अट ४४ इंच, म्हणजे साधारण ११२ सेंटीमीटर. मुलगा ४३. तिथली मुलगी त्याच्याशी गुडघ्यावर बसून फार गोड बोलली, पण नाही म्हणजे नाही. पुढचा पाऊण तास मी रॉकेटच्या आकाराच्या कचरापेटीशेजारी बसून त्याला समजावत होते. चूक आमचीच. घरातल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने एक रेघ मारली असती तर हे टळलं असतं.

म्हणून ही मापं लिहून घ्या: सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि स्लिंकी डॉग डॅश ३८ इंच, टेस्ट ट्रॅक आणि टॉवर ऑफ टेरर ४०, एक्स्पिडिशन एव्हरेस्ट आणि फ्लाइट ऑफ पॅसेज ४४, ट्रॉन ४८. मूल बसू शकत नसेल तर 'रायडर स्विच' मागा: एक पालक मुलापाशी थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. हे फुकट आहे, पण रांगेच्या तोंडाशी असलेल्या माणसाला तोंडाने विचारावं लागतं.

कुकर की अर्धा तास?

राहण्याचा प्रश्न शेवटी इथे येऊन थांबतो. डिस्नेच्या आवारातल्या हॉटेलात (आणि काही ठरावीक भागीदार हॉटेलांत) राहिलात तर रोज पार्क अर्धा तास आधी उघडतो. त्या अर्ध्या तासात आणि पुढच्या तासात जेवढं होतं, तेवढं दुपारच्या तीन तासांत होत नाही. शिवाय बस फुकट, आणि दुपारी खोलीवर जाऊन झोपता येतं.

बाहेर, किसिमीच्या बाजूला, आख्खं घर भाड्याने मिळतं. खोल्या जास्त, पैसे कमी, आणि स्वयंपाकघर! आईने बॅगेत तीन लिटरचा कुकर आणला होता. रात्री नऊला दमून आल्यावर मुगाची खिचडी आणि पापड यापुढे कुठलंही हॉटेल फिकं. चौघांचं किंवा त्याहून लहान कुटुंब, मुलं लहान, पहिली खेप: आवारातलं स्वस्तातलं हॉटेल घ्या. सहा-सात माणसं, त्यांत ज्येष्ठ: घर घ्या आणि गाडी घ्या. दोन्हीतलं थोडं थोडं मिळवायच्या नादात मी दुसऱ्या खेपेला लांबच्या हॉटेलात उतरले. धड कुकर नाही, धड अर्धा तास नाही.

साठ, सात, तीन

हे तीन आकडे फ्रिजवर चिकटवा.

साठ दिवस आधी: बसून जेवायच्या रेस्टॉरंटची जागा. सगळ्यांची धरू नका, पहिल्या खेपेला आम्ही पाच धरल्या आणि जेवणाच्या वेळा गाठायला पार्कभर पळत सुटलो. एकच सांगते: अॅनिमल किंगडम लॉजमधलं 'साना'. आफ्रिकी स्वयंपाकाला भारतीय वळण, नानसारख्या रोट्यांची टोपली आणि चटण्यांच्या वाट्या, आणि खिडकीबाहेर जिराफ. तिथे जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही, म्हणून पोचायच्या दिवशीच जा.

सात दिवस आधी, सकाळी सातला (फ्लोरिडाच्या घड्याळाने): आवारातल्या हॉटेलात राहणाऱ्यांना 'लायटनिंग लेन' धरता येते. बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी. ही पैसे देऊन आखूड रांगेतून जायची सोय. 'मल्टी पास'मध्ये एका पार्कमधल्या तीन राइड्सच्या तासाभराच्या वेळा आधी धरायच्या. एक वापरली की पुढची धरता येते. सगळ्यांत मागणी असलेल्या एखाद-दोन राइड्स त्यात नसतात, त्यांचा 'सिंगल पास' वेगळा. भाव रोज वेगळा. माझं मत: मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओजला घ्या, अॅनिमल किंगडमला पैसे वाचवा.

हे सगळं फोनवरच्या डिस्नेच्या अॅपमधून चालतं. तिकीट, नकाशा, रांगांचे वेळ, जेवणाची ऑर्डर, सगळं. म्हणजे दुपारी दोनला फोन मरतो. पॉवर बँक दोन न्या. आणि सगळ्यांची तिकिटं एकाच्या अॅपमध्ये जोडून ठेवा, नाहीतर आयत्या वेळी बाबांचा पासवर्ड शोधत बसाल.

प्रत्येकाचं एक

आता तो पाठकोरा कागद. निघण्याआधी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना विचारा: या पार्कमधली कुठली एक गोष्ट राहिली तर तुला वाईट वाटेल? एकच. पाच माणसं, पाच गोष्टी. दोन आपण वाढवायच्या. त्या सात. बाकी झालं तर झालं.

हे सोपं वाटतं, पण विचारल्याशिवाय कळत नाही. माझ्या पहिल्या तक्त्यात एपकॉटचं 'लिव्हिंग विथ द लँड' नव्हतंच. इंटरनेटवर सगळे त्याला संथ म्हणतात. बाबा कृषी खात्यातून निवृत्त. त्यांनी फोनवर वाचून तेच मागितलं. साधी होडी, पंधरा मिनिटांची फेरी, आणि होडी जाते ती खऱ्या काचघरांतून. मातीशिवाय वाढवलेली भाजी, हवेत लोंबणारी मुळं आणि त्यांवर फवारा, वेलीसारखा पसरवलेला टोमॅटोचा मांडव. तिथली भाजी पार्कच्याच रेस्टॉरंटांत जाते. बाबा उतरले आणि काही न बोलता पुन्हा रांगेच्या दिशेने चालू लागले. तीनदा बसलो. तिसऱ्या फेरीला ते शेजारच्या अमेरिकन आजोबांना ठिबक समजावत होते, मराठी-इंग्रजी मिसळून, आणि आजोबा माना डोलावत होते.

एपकॉटमध्येच तळ्याभोवती अकरा देशांचे मंडप आहेत, पूर्ण फेरा जवळजवळ दोन किलोमीटर. ते बहुधा अकराच्या सुमाराला उघडतात, म्हणून सकाळ पुढच्या भागातल्या राइड्सना द्या. त्या अकरांत भारत नाही. आईने ते लगेच विचारलं. भारताची सावली बघायची तर अॅनिमल किंगडममधलं 'आनंदपूर' हे काल्पनिक गाव आहे. तिथल्या महाराजा जंगल ट्रेकवर पडक्या महालाच्या कमानींमागे वाघ फिरतात, आणि जिना-पायऱ्या नसल्याने दुखऱ्या गुडघ्यांना चालतं.

दिवस कसा घालवायचा

पहिला दिवस अॅनिमल किंगडमला द्या, मॅजिक किंगडमला नको. अॅनिमल किंगडम बहुधा सगळ्यांत आधी उघडतं आणि आधी बंद होतं. भारतातून थेट आला असाल तर पहाटे तीनला सगळे टक्क जागे असणारच. त्या जागरणाचा उपयोग करून घ्या. सफारीच्या ट्रकमध्ये सकाळीच बसा, उन्हं चढली की जनावरंही सावली धरतात. ट्रक आपल्या एसटीच्या मागच्या सीटसारखा उडतो, कंबरदुखीवाल्यांना पुढे बसवा.

मॅजिक किंगडमला 'नऊला उघडतं' म्हणजे नऊला पोचायचं नाही. गाडी लावा, पुढे तपासणी, मग तळं ओलांडायला मोनोरेल किंवा फेरीबोट, मग दार. गाडी लावल्यापासून पाऊण तास धरा. बोटीत उभं राहून बाबा म्हणाले, "हे तर गोराईच झालं." खरंच की. आमच्या पिढीने एस्सेलवर्ल्डला लाँचनेच जाऊन जाऊन पार्क म्हणजे पाण्यापलीकडची जागा असं धरलेलंच होतं.

सकाळी अकरापर्यंत जोर लावा. दुपारी एक ते चार बाहेर पडा, झोपा, पोहा, पुन्हा या. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे पटत नाही, "एवढे पैसे भरून झोपायचं?" म्हणतो. पण दिवसाला पंधरा किलोमीटर चालणं सहज होतं, आणि संध्याकाळी सहाला रडणारं मूल आणि गप्प झालेले आजोबा घेऊन फिरण्यात कुठले पैसे वसूल होतात? बाहेर पडता येत नसेल तर थंड, बसायच्या जागा शोधून ठेवा: मॅजिक किंगडममध्ये 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' हे फिरतं नाट्यगृह आहे, मूळचं १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातलं. निम्मे प्रेक्षक डुलक्या घेतात. आमचेही.

पाऊस आला की पळू नका. घरून एक-एक डॉलरचे प्लास्टिकचे रेनकोट न्या. तासाभरात पाऊस थांबतो, भित्रे घरी गेलेले असतात आणि रांगा अर्ध्यावर येतात. पायात जुने, वापरलेले बूट हवेत. नवे बूट हीच पहिल्या खेपेची सगळ्यांत महाग खरेदी असते.

डबा न्यायला परवानगी आहे

हे ऐकून अनेकांचे चेहरे खुलतात. घरचं खाणं आत नेता येतं. काच, दारू आणि सुटा बर्फ चालत नाही. थेपले, दशम्या, चिवडा, खजुराचे लाडू, सगळं तपासणीतून गेलं. अडकली ती आईच्या लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी. तिथेच उभं राहून लोणचं थेपल्याच्या पिशवीत ओतलं. लोणचं प्लास्टिकच्या डब्यात न्या. पाणी विकत घेऊ नका, खाण्याच्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा ग्लास फुकट मागता येतो.

आत शाकाहारी मिळतं. मेनूवर हिरवं पान दिसलं की तो पदार्थ वनस्पतीजन्य. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलंत तर अंडं त्यात आलं असं समजा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी बसून जेवायच्या ठिकाणी आधी सांगावं आणि तरी डब्यावरच भिस्त ठेवावी.

चाकाची खुर्ची

"मी काय पांगळी आहे का?" आई म्हणालीच. दुसऱ्या खेपेला सासूबाईंनीही हेच म्हटलं होतं, आम्ही ऐकलं, आणि तिसऱ्या दिवशी त्या खोलीतच राहिल्या. या वेळी मी वाद घातला नाही. दारातच खुर्ची भाड्याने घेतली, पाण्याच्या बाटल्या आणि डबा तिच्यावर ठेवला आणि म्हटलं, ही सामानाला आहे. साडेदहाला आई सामान मांडीवर घेऊन बसली होती. सकाळी लवकर घ्या, संपतात. खुर्ची असली म्हणून रांग चुकत नाही, बहुतेक रांगा खुर्चीसकटच पार करायच्या असतात.

आणि मुरलेल्यांनो

तुमच्या चुका वेगळ्या असतात, पण असतात. २०२२ साली मी जाणकाराच्या तोऱ्यात ऑरलँडो विमानतळावर उतरले आणि डिस्नेच्या फुकट बसचा थांबा शोधू लागले. ती बस त्याच वर्षाच्या सुरुवातीला बंद झालेली. १९९९ पासूनचा आखूड रांगेचा फुकट फास्टपासही गेला होता, त्याच्या जागी २०२१ मध्ये पैशांचा 'जिनी प्लस' आला, आणि जुलै २०२४ पासून त्याचंच नाव मल्टी पास. म्हणून कुणा काकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आराखडा आला की आधी तारीख विचारा. आणि दुसऱ्यांदा जाणाऱ्याने सोबतच्या नवख्यांना "ते काही खास नाही" हे वाक्य म्हणायचं नाही. किल्ला पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्यांना दोन मिनिटं तिथे उभं राहू द्या.

मॅजिक किंगडममध्ये रात्री आतषबाजी संपल्यावर सगळी गर्दी एकदम मोनोरेलकडे धावते. तुम्ही आइस्क्रीम घ्या आणि मेन स्ट्रीटवर अर्धा तास बसा, दुकानं उघडी असतात. आणि सकाळी गाडी लावल्या लावल्या पाटीचा फोटो काढा. मॅजिक किंगडमचा वाहनतळ अर्धा नायकांचा, अर्धा खलनायकांचा, प्रत्येक भागाला एकेका पात्राचं नाव. पार्टीच्या दिवशी सहाला बाहेर पडलो तेव्हा माझा फोन मेलेला, नवऱ्याचा त्याहून आधी. अंधारून आलेलं. बाबांनी खिशातून तोच पाठकोरा कागद काढला. सात ओळींखाली त्यांच्या सरकारी अक्षरात आठवी होती: "गाडी – खलनायक, झुर्ग, डावीकडून चौथी."